डोहात सोडलेली वही

वही पाण्यात टाकली तर लगेच बुडत नाही. हे मला स्वतःच्या हातानं केल्यावर कळलं. ती जाड होती, तीन वह्या एकात शिवलेल्या. मृग लागायच्या आधी आमच्या नदीला धार नसते, नुसते डोह असतात. मी काठावर पायताण काढलं, वही कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली. ती तिथंच राहिली. मग उघडली, फुगली, एकेक पान वर यायला लागलं. शेवटी मी मांडीभर पाण्यात उतरलो आणि तिच्यावर दगड ठेवला.

ज्यावर अक्षर आहे ते जाळायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही, जुनं झालं की पाण्यात सोडायचं, अशी आमच्याकडं रीत. पोथी असो का पंचांग. मी रीतीनं वागलो असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. आता माझी मंडळी, माझी बायको, जाऊन दुसरा पावसाळा आहे. आता कुणाला सांगायचं राहिलं नाही, म्हणून खरं लिहितो.

आमचं गाव आंदर मावळात. भात, गुरं, आणि कुठंही जायचं तर पायपीट. मी तिसरीपर्यंत शिकलो. मंडळीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण घरातलं बियाणं तिच्या हाती होतं. कापणीच्या आधी ती एकटी भाताच्या खाचरातून फिरायची आणि पुढच्या सालाला कुठली लोंबी ठेवायची ते ठरवायची. त्यात मी बोललेलं तिला चालत नसे. थोरला पोरगा तिसरीत गेला तेव्हा ती त्याला म्हणाली, "मी सांगती, तू लिव." तेव्हापासून ती सांगायची आणि तो लिहायचा. विहिरीजवळच्या खाचरात कुठलं बी, आवणी, म्हणजे रोपांची लावणी, कुठल्या नक्षत्रात, नवरात्राच्या कितव्या माळेला लोंबी बाहेर पडली, एका चुडाला, रोपांच्या जुडीला, किती फुटवे. पुढं पोरगा तळेगावला इंग्रजी शाळेत राहिला. तेव्हा आठवड्याचं सगळं ती डोक्यात ठेवायची आणि तो रविवारी आला की त्याच्यापुढं ओतायची. आठ सालं हे चाललं. वहीला शेणाचे हात लागलेले, चुलीचं काजळ, रॉकेलचे डाग. कुठं कुठं झाडाच्या डिंकानं लोंबी चिकटवलेली.

त्या वहीत एक पान होतं. तिसऱ्या सालाचं. त्याच्याकडं मी नंतर येतो.

पोरगा मॅट्रिक झाला, पण काठावर. गणितात आणि इंग्रजीत कसाबसा निघाला. त्याला पुण्याला शेतीच्या कॉलेजात जायचं होतं. खरं तर ते वेड त्याच्या आईचं. तिचं एकच म्हणणं, "करपा का पडतो त्ये त्याला शिकू द्या." करपा म्हणजे भातावरचा रोग. पान भाजल्यासारखं होतं आणि लोंबी पोकळ निघते. गावात सगळ्यांना गंमत वाटली. शेजारचा म्हातारा पारावर मला म्हणाला, "आमचा ढवळा बैल बी धाड की कालेजात. त्याला बी गनित येत न्हाई. जोडीनं शिकतील."

पोरगा हसला नाही. म्हणाला, "आबा, न्हाई घेतलं तर मी रेल्वेच्या ग्यांगात लागतो. घरी न्हाई बसायचा." त्याची आई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. रुळांवर राबणारं ग्यांगातलं माणूस घाटात कसं जातं ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. एका घरी नुसतं पायताण आणि कंदील परत आला होता.

मी पोराला घेऊन तळेगावला हेडमास्तरांकडं गेलो. भला माणूस. त्यांनी गुणांचा कागद पुन्हा वाचला, जसे काही वाचल्यानं गुण वाढणार होते.

"जागा थोड्या असतात," ते म्हणाले. "आणि शहरातली मुलं याच्यापेक्षा पुढं आहेत. गुण आहेत तेवढेच आहेत, ते झाकायला जाऊ नका. मी शिफारस लिहितो. तलाठ्याकडून जमिनीचा दाखला घ्या. पण त्याशिवाय, हा मुलगा या कागदापेक्षा मोठा आहे असं दाखवणारं तुमच्या घरात काही आहे का?"

पोरगा म्हणाला, "सर, एक वही हाय."

त्यानं ती पिशवीतून काढली. मास्तरांनी चाळली. चाळता चाळता खुर्चीत पुढं सरकले. एका पानावर बराच वेळ थांबले, मग माझ्याकडं बघितलं. मला कळलं कुठलं पान असेल ते.

"ही अर्जाला जोडा," ते म्हणाले. "आहे तशी. एक अक्षर हलवू नका."

आहे तशी. हे शब्द मी माझ्या कानानं ऐकले. ऐकले नव्हते असं म्हणायची सोय नाही.

पण मी दुसरंही काही बघितलेलं होतं. तरणा असताना मी घाटात एका ठेकेदाराच्या खडीच्या कामावर होतो. आमच्या मुकादमाच्या हजेरीपटावर चिखल पडला होता. साहेब आला, त्यानं तो पट दोन बोटांनी धरला, न वाचता दरीत भिरकावला आणि मुकादमाला तिथल्या तिथं हाकललं. त्याची बायको तीन दिवस आमच्या झोपड्यांपाशी बसून होती, कुणी काही सांगेल म्हणून. मुकादम परत आला नाही. साहेबापुढं घाण कागद न्यायचा नाही, हे मी तिथं शिकलो. शाळेतलं फार राहिलं नाही, हे राहिलं.

हे एक कारण. हे मी सगळ्यांना सांगितलं. दुसरं कारण ते पान.

लोणावळ्यात कचेरीतून सुटलेले एक कारकून अर्ज लिहून द्यायचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. मी पोराला न सांगता वही घेऊन गेलो. बाहेर धुकं होतं आणि घाट चढून आलेल्या गाडीमागचं इंजिन सोडवत होते, त्याचा दणका त्यांच्या खिडकीला बसत होता. त्यांनी वही बघितली आणि नाक मुरडलं.

"हे काय आणलंत? वही आहे का पोतेरं?"

"साफ लिवून द्या भाऊ. साहेबाला द्यायचीया."

"लिहितो. कागद चांगला घालू, तांबड्या रेघा मारू." त्यांनी पानं उलटली. तिसऱ्या सालापाशी आले आणि चष्मा काढून पुसला. "या पानाचं काय करायचं? यात शेतीचं दोन ओळी, बाकी घरचंच आहे."

"त्ये सोडा."

"एवढंच पान सोडलं तर त्या सालाचं मागचं-पुढचं जुळणार नाही."

"मग सालच सोडा," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. म्हणाले, "तुमची वही, तुमची मर्जी." आणि तेवढ्यावर त्यांनी लेखणी उचलली.

आता ते पान. पोरगा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. त्याच्या मागं आम्हाला एक पोरगी होती, चार वर्षांची. त्या साली करपा पडला होता. पानावर डिंकानं पोकळ लोंबी लावलेली आणि खाली पोराच्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं: आंब्याखालचं खाचर निसवलं, लोंब्या आल्या पण दाणा नाही. धाकटीला ताप, तिसरा दिवस. आबा म्हणतात उद्या नेऊ. त्याच्या खाली दुसऱ्या दिवसाचं. तिचं नाव, आणि पुढं, गेली.

दवाखाना वडगावला. पाऊस नव्हता, रस्ता होता, खांदा होता. मी त्या दिवशी खाचरात होतो, जे वाचणार नव्हतं ते वाचवत. मी म्हणालो, उद्या.

गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत 'मुलगी' एवढंच लिहिलेलं. शाळेत ती गेली नव्हती. फोटो आमच्यात कुणाचाच नव्हता. तिचं नाव जगात एकाच कागदावर होतं. मंडळीला वाचता येत नव्हतं, पण लोंबीमुळं तिला ते पान सापडायचं. कधी कधी ती वही उघडून त्यावर हात ठेवून बसायची. मी आत आलो की मिटायची. बोलली कधीच नाही. सहा वर्षं ती वही आमच्या घरात फळीवर होती, आणि मी पाण्याला उठलो तरी तिच्याकडं पाठ करून प्यायचो.

म्हणून घरी येताना माझ्या एका काखेत नवी वही होती आणि एका काखेत जुनी, आणि दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना मी डोहावर गेलो. रीत होती. रीतीचं मला फार बरं वाटलं.

पोरानं नवी वही उघडली. "माझं अक्षर न्हाई ह्ये," म्हणाला. "जुनी कुटाय?"

"ठिवलीया नीट. साहेबाला असली घान दावतात व्हय?"

मंडळीनं फळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझं धोतर मांडीपर्यंत ओलं होतं. तिनं काही विचारलं नाही. दिवसभर विचारलं नाही.

पुण्याला बोलावणं आलं. साहेब आपल्यातलेच होते, मराठी बोलणारे, डोळे बारीक. त्यांनी शिफारस वाचली, दाखला वाचला, गुणांवरून बोट फिरवलं आणि नवी वही उघडली. दोन पानं वाचून पोराला विचारलं, "हे तुझं अक्षर?"

"न्हाई साहेब."

"नोंदी तुझ्या?"

"आईच्या. मी लिवल्या."

"आणि मधलं एक साल कुठं गेलं?"

पोरानं वही ओढून बघितली. त्याला तेव्हा कळलं. त्याचा चेहरा मी पूर्ण बघितला नाही, बघवेना. मीच बोललो, "त्या साली पीक न्हवतं साहेब."

"त्या साली सगळ्या मावळात करपा होता," साहेब म्हणाले. "मला तेच साल हवं होतं. बाकीचं काय, कुणीही सजवून आणतं." त्यांनी वही मिटली. "गुण कमी आहेत. अक्षर दुसऱ्याचं. साल गाळलेलं. मी काय समजावं? मूळ वही शनिवारपर्यंत आणा. नाहीतर हा अर्ज इथंच संपला."

गाडीत पोरानं एकदाच विचारलं, "आबा, वही कुटं हाय?" मी खिडकीबाहेर बघितलं. देहू रोडपासून आभाळ काळं होत चाललं होतं.

घरी आल्यावर मला सांगावं लागलं. मंडळी चुलीपुढं होती. ऐकून उठली आणि नदीकडं चालायला लागली. पोरगा तिच्या पुढं पळाला. वरच्या डोंगरात पाऊस झाला असणार, डोहाचं पाणी गढूळ झालं होतं आणि चढत होतं. पोरानं तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या वेळी दगड सापडला आणि दगडाखालचा गोळा. पुठ्ठा आणि शिवणीचा दोरा तेवढा शाबूत. पानं एकमेकांत गेलेली, सगळी शाई निळं पाणी होऊन त्याच्या कोपरापर्यंत ओघळली.

तिनं तो गोळा पदरात घेतला. घरी चुलीच्या उबेला एकेक पान सोडवत बसली. मी दारात उभा. एका पानाला डिंकाचा चट्टा होता. लोंबी नव्हती. ते पान तिनं उजेडाकडं धरलं. तिला वाचता येत असतं तरी वाचायला काही नव्हतं.

"मंदिरात ठिवावं तसं क्येलं मी," मी म्हणालो. "पायाखाली न्हाई टाकली."

"व्हय," ती म्हणाली. "तुमी पोरीला बी नदीकडंच पोचवली." मग पोराकडं वळून म्हणाली, "शनिवार कवा हाय?"

"परवा."

"मी येती."

ती त्याआधी कधी गाडीत बसली नव्हती. आम्ही तिघं पहाटे निघालो. वाटेत पाऊस लागला, तिनं इरलं पोराच्या अंगावर टाकलं आणि कागदांची पिशवी त्याच्या पोटाशी. कॉलेजच्या व्हरांड्यात मला म्हणाली, "तुमी हितंच बसा." मी खिडकीखालच्या बाकावर बसलो. खिडकी उघडी होती.

साहेब म्हणाले, "बाई, वही आणलीत?"

"वही बुडाली साहेब. मी हाय."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग साहेबांनी पोराला दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं, कागद दिला, आणि म्हणाले आठवतं ते सगळं लिही. आणि हिला म्हणाले, सांगा. एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. चोर पकडल्यावर करतात तसं. पोराची बुद्धी मला माहीत होती, पाठांतरातच तर तो मार खायचा.

तिनं सांगायला सुरुवात केली. साल, खाचर, बी, नक्षत्र, माळ. घाई नाही. साहेब मध्येच मागं जायचे, "दुसऱ्या साली ओढ्याच्या खाचरात?" ती म्हणायची, "ओढ्याच्यात गरवं लावलं हुतं, पुष्यात, पर त्ये पान्यानं निजलं." लेखणीचा आवाज येत होता. तिसरं साल आलं. मी बाकाची कड धरली. आता ती सांगेल असं मला वाटलं. सांगायचा तिचा हक्क होता.

"त्या साली करपा," ती म्हणाली. "आंब्याखालनं सुरू झाला, सात दिसांत ओढ्यापातूर. सकाळी धुकं आनि दुपारी ऊन, त्या दिसांत. लोंबी पोकळ. आनि माजी पोरगी गेली."

"कशानं?"

बाहेर पाऊस पडत होता. मी वाट बघत होतो.

"तापानं," ती म्हणाली.

एवढंच. माझं नाव तिनं घेतलं नाही. साहेबांनी विचारलं, "मुलीचं नाव काय होतं?" तिनं सांगितलं. सहा वर्षांत मी ते नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुन्हा लेखणीचा आवाज आला. त्यांनी ते लिहिलं असावं.

मग साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. पोराचे दोन-तीन ठिकाणी दिवस चुकले होते, बाकी खाचराला खाचर जुळलं. एका ठिकाणी पोरानं हळवं, लवकर पिकणारं बी लिहिलं होतं आणि आईनं गरवं, उशिरा पिकणारं, सांगितलं होतं. साहेबांनी पोराला विचारलं, खरं कुणाचं? पोरगा म्हणाला, "आईचं. तिचं खोटं नसतं." बाहेर येऊन साहेब मलाच म्हणाले, "गुण मी वाढवू शकत नाही. पण हे कागद अर्जाला लावून पुढं मांडतो. आणि तुम्ही, यापुढं याच्या कागदांना हात लावू नका." मी हात जोडले.

परतीच्या गाडीत पोरगा दाराशी उभा होता. ती खिडकीपाशी, मी समोर. तळेगाव मागं पडलं तेव्हा ती बोलली. आवाज चढवून नाही. भाकरी झालीया, बसा, असं सांगतात तसं.

"पोराचं व्हईल आता. एक ध्येनात ठिवा. मी मरताना माज्या तोंडात पानी तुमी घालायचं न्हाई. पोरगा घालील."

"असं काय बोलतीस?"

"बोलले त्ये बोलले."

दहा-बारा दिवसांनी कागद आला. घेतलं होतं. पारावरच्या म्हाताऱ्यानं मला ढवळ्याचं काय झालं म्हणून विचारलं आणि गूळ मागितला. मी गूळ दिला. मंडळीनं देवापुढं दिवा लावला आणि बियाण्याची कणगी उघडली, आवणीचे दिवस होते. त्यानंतर तिनं माझा संसार केला, त्यात कमी केलं नाही. माझ्या ताटात वाढलं, माझ्या दुखण्यात बसली. फक्त खाचरातलं काही पुन्हा मला सांगितलं नाही. कुठलं बी कुठं, मी डोळ्यांनी बघून ओळखायचं.

पोरगा शिकला. सरकारी शेतावर लागला, लांब, खानदेशात. ज्या कागदानं त्याला ग्यांगातनं वाचवलं त्यानंच त्याला दोन दिवसांच्या वाटेवर नेला. मला ते तेव्हाच दिसायला हवं होतं. ती गाडीत बोलली तेव्हाच.

ती आजारी पडली ते आवणीतच. मी उद्या म्हणालो नाही. त्याच दिवशी बैलगाडी जोडून वडगावला नेली. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. पोराला तार केली. लढाईचे दिवस, गाड्या लष्करानं भरलेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं बघणं बदललं. शेजारची म्हातारी मावशी उशाशी होती. तांब्या भरलेला, तुळशीचं पान टाकलेलं.

"घाल की रं पानी," मावशी म्हणाली. "नवरा हायेस."

मी तांब्या उचलला. मंडळी दाराकडं बघत होती. तिचे ओठ सुकून चिरले होते.

"पोरगा येतोय," मी म्हणालो.

"आरं, कवा?"

"आज-उद्या."

तोंडातून तो शब्द गेला आणि माझा हात थांबला. तिनं ऐकला का मला माहीत नाही. ती दाराकडंच बघत होती. तिची आज्ञा मोडावी का पाळावी हे ठरवीत मी तांब्या धरून उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. मावशीनं तो माझ्या हातातून ओढून घेतला तेव्हा पाणी घालण्यात अर्थ राहिला नव्हता. तरी तिनं घातलं. ते कडेनं ओघळलं.

पोरगा ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आला. अंगणात पिशवी ठेवायच्या आधी त्यानं विचारलं, "आबा, पानी कुनी घातलं?"

मी सांगितलं. या खेपेला मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

तो आत गेला. कणगीपाशी बसला. बियाण्याच्या मडक्यांवर तिनं खुणेला बांधलेले दोरे होते, एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. कशाची कुठली खूण, त्यानं मला विचारलं. मला माहीत नव्हतं.